धडधड, वहम, पुन्हापुन्हा धुणं-तपासणं : मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर नेमकं काय करायचं?

पळसफूल

आपल्याकडे ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच जागा येते, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ पासूनची संस्था. त्यामुळे ‘नागपूरला न्यावं लागलं’ हे वाक्यच गावात दबक्या आवाजात बोललं जाते. या भीतीपायी सरळ इलाजानं सुधारणारी माणसं वर्षानुवर्षं घरात कुढत बसतात. विहिरीवरचा स्टार्टर बंद केला की नाही हे पाहायला जो रात्रीतून चारदा वावरात जातो, जी बाई घासलेली भांडी परत घासायला बसते, एसटीत बसल्याबरोबर ज्याचा जीव घाबरा होतो, त्यांना भरती व्हायची वेळ बहुधा येतच नाही. केसपेपर काढायचा, डॉक्टरशी बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी.

धागा दोनच गोष्टींसाठी आहे : चिंतारोग आणि मंत्रचळ, म्हणजे ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात आणि गावात ‘वहम’ म्हणतात. ज्यांना या कामातलं कळते त्यांनी नेमकं लिहावं. स्वतःची-घरच्यांची कहाणी नको, कोणत्या डॉक्टरची स्तुती नको, निंदाही नको.

आधी ओळख. मंत्रचळात दोन भाग असतात. नको असलेला विचार घुसतो (हाताला घाण राहिली, गॅस चालू राहिला, माझ्या हातून पाप झालं) आणि त्याची भीती घालवायला माणूस एक कृती करतो : धुतो, तपासतो, मोजतो, मनात जप करतो, घरच्यांना विचारतो. कृतीनं पाच-दहा मिनिटं बरं वाटते. मग तोच विचार जास्त जोरानं येतो. बहुतेकांना हे जास्त होत आहे हे कळत असते, थांबवता येत नाही. रोजचा एक तासाहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा मजुरी, शाळा, स्वयंपाक अडत असेल, तर ‘स्वभाव आहे’ म्हणून सोडू नका. डॉक्टरकडे जा.

तालुक्याची_वाट

कुठं जायचं ते लिहितो.

जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते : मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. ही टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही येते. तुमच्या तालुक्याचा वार कोणता हे ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर नाहीतर आशाताईंना विचारा. नुसतं ‘महिन्यातून एकदा’ असं उत्तर मिळालं तर ‘कितवा मंगळवार’ असं पक्कं करून घ्या. सण-सुटी आली की वार सरकतो, म्हणून आदल्या दिवशी एक फोन करून निघा.

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांत २०१५ पासून सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प शेतकरी समुपदेशन’ हा कार्यक्रम आहे. नावात शेतकरी समुपदेशन आहे म्हणून फक्त आत्महत्येचा विचार असलेल्यांनीच जायचं असं समजू नका. धडधड आणि झोप उडणं एवढंही कारण पुरेसं आहे.

मेडिकल कॉलेजचा पर्यायही आहे : नागपूरचं मेडिकल आणि मेयो, मिहानमधलं एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला. मंत्रचळ जुना असेल, दोन औषधं करून फरक नसेल, तर सरळ इकडेच जा. तिथं मानसशास्त्रज्ञही त्याच विभागात भेटतो.

खर्चाचा फरक ध्यानात ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल कॉलेजं या विभागात येत नाहीत, काही वेगळ्या सरकारी खात्याची तर काही संस्थांची, तिथं फी लागते. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पहिल्या फेरीला सोबत एक माणूस धरूनच भाड्याचा हिशेब करा.

संत्र्याचा_बहर

@तालुक्याची_वाट, एक जोड. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढं त्याच विषयात शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो सराव करवून घेतो. मंत्रचळात दोघंही लागतात. फलकावर नुसतं ‘समुपदेशक’ असेल तर शिक्षण काय आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पळसफूल

पहिल्या भेटीत डॉक्टरला वेळ किती मिळेल याचा भरवसा नसतो, बाहेर रांग असते. त्यामुळे घरून कागद लिहून नेला तर निम्मं काम होते. आठ दिवस एका वहीत रोज चार गोष्टी टिपा : कोणता विचार आला, त्यावर काय केलं, किती वेळा, किती मिनिटं गेली. ‘लई हात धुतो’ यातून डॉक्टरला अंदाज येत नाही. ‘जेवणाआधी १२ वेळा, साबणाची वडी चार दिवसांत संपते, आंघोळीला दीड तास’ यातून येतो.

सोबत न्यायचं : आजवर खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी चालतील. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या. जुने रिपोर्ट. खर्रा दिवसाला किती पुड्या, चहा किती कप, दारू आठवड्यातून किती, हे खरं सांगा. डॉक्टर रागवायला बसलेला नसतो, हिशेबाला लागते म्हणून विचारतो. खर्ऱ्यातला तंबाखू आणि सुपारी दोन्ही छातीची धडधड वाढवतात. दिवसाला आठ-दहा पुड्या खाणाऱ्याची धडधड नुसत्या गोळीनं पूर्ण बसणं कठीण आहे.

लाजेनं राहून जाणाऱ्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, मनात येणारे घाणेरडे किंवा देवाबद्दलचे विचार. तोंडातून निघत नसतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, डॉक्टरनं ते शंभरदा ऐकलेले असतात. दुसरी, पूर्वी कधी आठ-पंधरा दिवस झोप न घेता अंगात विलक्षण जोर, वारेमाप खर्च, मोठमोठ्या गोष्टी असं झालं होतं का, किंवा घरात कोणाला तसा आजार आहे का. असेल तर चिंतेची नेहमीची गोळी उलटी पडून उन्माद उठू शकतो. डॉक्टर घाईत हा प्रश्न विसरला तर आपण होऊन सांगा.

सावजी_नाही_साधं

तपासण्यांचं कोणी लिहिलं नाही. धडधड, थरथर, घाम म्हणजे दरवेळी चिंताच नसते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, आणि वयानुसार ईसीजी एवढं होऊन जाऊ द्या. पूर्व विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ घरांत आहे आणि तपासणीच झालेली नाही अशीही माणसं आहेत. रक्त कमी असलं की चार पायऱ्या चढल्या तरी छाती धडधडते आणि त्या बाईला ‘टेन्शन घेते’ म्हणून परत पाठवलं जाते.

फवारणीच्या दिवसांत आणखी सावध राहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. चिंतेच्या झटक्यात तोंडाला कोरड पडते. ऑर्गनोफॉस्फेटच्या (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेत उलट तोंडातून लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, बुबुळ टाचणीएवढं बारीक होते, स्नायू फडफडतात, उलटी-जुलाब होतात. फवारून आलेल्याला यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा, कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा आणि फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत न्या. तिथं मानसोपचाराचा विषयच नाही.

गोळीचा_हिशेब

औषधाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त इलाज इथंच मोडतात.

चिंता आणि मंत्रचळ दोन्हींत पहिली निवड एकाच गटाची, एसएसआरआय. आपल्याकडे दिसणारी नावं : एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन. यांनी गुंगी चढत नाही, सवय लागत नाही. पण दोन्ही आजारांत मात्रा आणि कालावधी वेगळा असतो आणि ते घरच्यांना कोणी सांगत नाही. चिंतारोगात साधारण २ ते ४ आठवड्यांत फरक दिसू लागतो. मंत्रचळात ८ ते १२ आठवडे थांबावं लागते आणि मात्राही वरची लागते : सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमपासून २०० पर्यंत, फ्लुओक्सेटिन २० पासून ६० पर्यंत, कधी ८०. हे आकडे स्वतः वाढवण्यासाठी देत नाही. डॉक्टरनं दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा वाढवली तर ‘आजार वाढला म्हणून डोस वाढवला’ असं घाबरू नये, एवढ्यासाठी देतो.

पहिल्या ८-१० दिवसांत मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकं दुखणं, झोप बिघडणं आणि कधी धडधड आधीपेक्षा जास्तच, असं होते. बहुतेक लोक इथंच गोळी फेकतात आणि ‘औषध गरम पडलं’ म्हणतात. गोळी जेवणावर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घ्यावी का, हे डॉक्टरला विचारा. अर्ध्या गोळीनं सुरुवात करून आठवड्यानं पूर्ण करता येते, तेही त्यांना विचारून. लैंगिक इच्छा कमी होणं हा परिणाम पुष्कळांत दिसतो. लाजेनं न सांगता माणूस गोळीच सोडून देतो. सांगितलं तर औषध बदलता येते.

२५ वर्षांखालच्या मुला-मुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढले का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. अस्वस्थ येरझाऱ्या, चिडचिड, एकटं-एकटं राहणं दिसलं तर तारखेची वाट पाहू नका.

सोबत कधी क्लोनाझेपाम ०.२५ किंवा ०.५ देतात. ती दोन-चार आठवड्यांची कुबडी आहे. तिनं त्याच दिवशी बरं वाटते, म्हणून लोक मूळ गोळी सोडतात आणि हीच औषधाच्या दुकानातून आणत राहतात. सवय हिचीच लागते, आणि महिनोन्महिने घेतलेली एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. मोहाच्या दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

दुखण्याच्या गोळ्या : वेचणी-निंदणीच्या दिवसांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सर्रास खाल्ल्या जातात. एसएसआरआयसोबत त्यानं पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. शौच डांबरासारखी काळी दिसली तर दवाखान्यात जा. ट्रामाडॉल तर यासोबत डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते.

संत्र्याचा_बहर

@गोळीचा_हिशेब भाऊ, फ्लुवोक्सामिन असेल तर चहा-कॉफीचंही सांगा. ही गोळी कॅफिनचा निचरा मंद करते. तेवढ्याच चार कप चहानं हातपाय थरथरतात आणि माणूस समजतो आजार उलटला.

आणि म्हाताऱ्यांचं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू, वरून एसएसआरआय, वरून मे महिन्याचं आपलं ऊन. रक्तातलं सोडियम उतरते. आजोबा बरळतात, तोल जातो, घरचे म्हणतात मेंदूवर परिणाम झाला. साठीच्या वरच्यांची दोन-तीन आठवड्यांनी सोडियमची तपासणी मागून घ्या.

गोळीचा_हिशेब

बरोबर आहे ताई, दोन्ही राहिलं होतं.

किती दिवस घ्यायचं हेही : बरं वाटल्यावर चिंतारोगात आणखी ६ ते १२ महिने, मंत्रचळात १ ते २ वर्षं. बंद करायचं ते पायरीपायरीनं, कित्येक आठवडे-महिने लावून. एकदम सोडलं तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड. ते व्यसन नव्हे, घाईनं सोडल्याचा परिणाम. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

वऱ्हाडी_बोली

होय बाप्पा, पण गोळी खाऊन बी हात धुनं सुटत नाही असे लोक आहेत न. डॉक्टर सांगते ‘थेरपी करा’. आता थेरपी म्हंजे नेमकं काय करा लागते, हे कोनी सांगत नाही. तालुक्यात मानसशास्त्रज्ञ भेटला नाही तं घरी काय होऊ शकते?

ओलावा

दादा, नेमकं लिहिते. पद्धतीचं नाव मोठं आहे, पण करायचं काम दोनच : भीतीच्या गोष्टीला सामोरं जायचं आणि त्यानंतरची कृती रोखायची. कृती केली नाही तर भीती वाढतच जाईल असं रोग्याला वाटते. ती एका टोकाला जाते आणि आपोआप उतरते. मेंदूला हे स्वतः अनुभवू द्यायचं, समजावून सांगून होत नाही. ‘अरे काही होत नाही’ हे हजारदा सांगून कोणाचा मंत्रचळ गेलेला नाही.

शिडी तयार करा. वहीत १५-२० प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० भीतीचे गुण द्या. सुरुवात ३०-४० वाल्यापासून. रोज ४५ मिनिटं ते एक तास. भीती निदान निम्म्यावर येईपर्यंत किंवा ती असतानाही बसता येईपर्यंत जागा सोडायची नाही. तीच पायरी दोन-तीन दिवस सोपी गेली की वर चढायचं. मानसशास्त्रज्ञासोबत असं साधारण १२ ते २० बैठकांत होते. सुरुवातीच्या दोन-चार बैठका त्यांच्याकडे करा, पुढचं घरी आणि फोनवर जमते.

आपल्याकडचं अवघड उदाहरण घेते : ‘फवारणीचं विष हाताला राहिलं’ ही भीती. इथं धोका खरा आहे, म्हणून आधी नियम ठरवून भिंतीवर लावायचा. फवारून आल्यावर साबणानं एकदा आंघोळ, कपडे बदलायचे, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. झालं. हे प्रत्येकानंच करायचं. नियमाच्या पुढचं प्रत्येक धुणं आजाराचं. शिडी फक्त खरोखर स्वच्छ गोष्टींवर बांधायची : आंघोळ करून आलेला माणूस ज्या बाजेवर बसला तिथं बसणं (३५), त्यानं लावलेली दाराची कडी धरणं (४५), धुऊन वाळलेले फवारणीचे कपडे दोरीवरून काढणं (६०), घडी करून त्याच हातानं भाकर खाणं (७५), त्याच हातानं लेकरू उचलणं (९०). बाटली, पंप, औषध कालवायची काडी या शिडीवर कधीच नाही. खऱ्या विषाशी सराव करायचा नसतो.

तपासण्याच्या सवयीत पायऱ्या वेगळ्या. कुलूप एकदाच, लक्ष देऊन लावायचं, मागं न पाहता निघायचं. स्टार्टर एकदाच बंद करायचा.

चुकते कुठं, तर सगळ्यात आधी मोबाइलवर. गॅसच्या बटणाचा, कुलपाचा फोटो काढून ठेवतात आणि वावरात दहादा पाहतात. ते तपासणंच झालं, फक्त जागा बदलली. दुसरं, सराव संपल्यावर हळूच हात धुतात. तासाभराची मेहनत पाण्यात. तिसरं, हात धुतला नाही पण मनात ‘शुद्ध झालं, शुद्ध झालं’ म्हणत राहिले. मनातली कृतीही कृतीच, तीही रोखायची. चौथं, एकदम ९० वर उडी मारणं किंवा घरच्यांनी जबरदस्तीनं हात मातीत घालणं. असं केलेला माणूस पुन्हा शिडीजवळ येत नाही. पायरी त्यानंच निवडायची.

एसटीत, बाजारात जीव घाबरणाऱ्यांसाठी शिडी अशीच : थांब्यावर उभं राहणं, एक थांबा जाणं, मग तालुक्यापर्यंत. दाराजवळचीच सीट धरणं, पाण्याची बाटली घट्ट पकडणं, सोबत कोणी असल्याशिवाय न निघणं, हे आधारही एकेक करून काढत जायचे.

पळसफूल

@ओलावा ताई, घरच्यांच्या वागण्यावर लिहाल का? तिथंच गाडी अडते.

ओलावा

लिहिते. घरचे मायेपोटी आजाराला खाऊ घालतात. ‘दार लावलं ना?’ याला ‘हो, लावलं’ असं वीसदा उत्तर देणं, तिच्यासाठी वेगळी बादली, पाहुण्यांना ओसरीवरच बसवणं, सोवळ्याचे तिचे नियम सगळ्या घरानं पाळणं. हे एका दिवसात तोडायचं नाही. सगळे मिळून बसा, काय काय करतो त्याची यादी करा, तिच्या संमतीनं आठवड्याला एक गोष्ट काढा. खात्री मागणाऱ्या प्रश्नाला आधी ठरवलेलं एकच वाक्य : ‘हा आजाराचा प्रश्न आहे, याचं उत्तर द्यायचं नाही असं आपण ठरवलं आहे.’ आवाज मऊ ठेवा. टोमणे, हसणं आणि लोकांसमोर ‘हिचा वहम पाहा’ म्हणणं बंद.

सोवळं-ओवळं किंवा पाळीचे नियम असतील तर घरातल्या दुसऱ्या श्रद्धाळू माणसाचं माप लावा. सासूबाई पूजेआधी एकदा हात धुतात आणि सून चाळीसदा, तर एकच वेळ हा नियम. श्रद्धेशी भांडण नाही.

तालुक्याची_वाट

मांत्रिक-बाबांचा प्रश्न येणारच. दर्ग्यावर, देवस्थानात जाण्यानं मन शांत होत असेल तर जाऊ द्या, फक्त गोळी बंद करू नका. पण मारहाण, साखळीनं बांधणं, चटके देणं, ‘भूत काढायला’ पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार होते.

गावात बातमी फुटेल या भीतीबद्दल : २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती संमतीशिवाय इतरांना सांगण्याची दवाखान्याला मुभा नाही, कायद्यातले मोजके अपवाद सोडून. विमा कंपनीनंही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे.

सावजी_नाही_साधं

बाळंतिणीचं एक. ‘विळ्यानं लेकराला काही करून टाकीन का’ असा विचार येऊन ती लेकराजवळ जात नाही, विळा लपवून ठेवते. बहुतेकदा हा मंत्रचळ असतो. विचारानं ती स्वतःच घाबरलेली असते, तसं करायची तिची इच्छा नसते. तिच्यापासून लेकरू तोडू नका, रागवू नका, आठवड्याच्या आत दाखवा. उलट तिला तो विचार बरोबर वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार : त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर ती आणि लेकरू दोघांजवळ कोणीतरी हवं. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यात नेहमी वापरतात. गरोदरपणात दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरला कळवा.

वऱ्हाडी_बोली

ओलावा ताई, समजलं. आता शेवटचं. रात्री-बेरात्री जीव द्याचे विचार आले तं कुठं फोन कराचा? अन् पावसाळ्यात नाल्याले पूर आला का तालुक्याले जानं होत नाही, तवा गोळ्याचं कसं?

तालुक्याची_वाट

टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६. दिवसरात्र, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फोन उचलायला वेळ लागला तर ठेवू नका. जीवाला धोका दिसत असेल तर ११२ किंवा १०८, आणि घरातली कीटकनाशकं त्याच रात्री शेजाऱ्याच्या कुलपात.

गोळ्यांचं : आषाढ लागायच्या आधीच्या भेटीत ‘पुराचे दिवस आहेत, जास्त दिवसांच्या द्या’ असं स्पष्ट म्हणा. जीव द्यायचे विचार असतील तर मात्र साठा रोग्याच्या हाती नको, घरच्यानं रोजची एक काढून द्यायची. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी पुढची सोय पाहा. जिल्ह्यावरून सुरू झालेली गोळी ग्रामीण रुग्णालयात कधी असते, कधी नसते. म्हणून चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून मागा. त्यावर जनऔषधी केंद्रातही घेता येते. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन डॉक्टरसेवा) तज्ज्ञाशी बोलू शकतो, तेव्हा हाच कागद समोर धरावा लागतो.